आलेखासाठी किती बिंदू घ्यायचे, आणि कोणते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी स्टेट बोर्डाच्या दहावीत आहे. पुस्तकात रेषीय समीकरणाचा आलेख काढताना किमान चार क्रमित जोड्या, म्हणजे चार बिंदू, घ्यायला सांगितल्या आहेत, क्लासचे सर म्हणतात दोन पुरे, आणि घरी कुणीतरी तीन घ्यायला सांगतं. ती क्षच्या किमती कायम ०, १, २ अशाच घेते. एका चलाचा लोप करून, म्हणजे दोन समीकरणांतून एक अक्षर घालवून, उदाहरण सोडवलं की उत्तर बरोबर येतं, पण तेच आलेखाने सोडवलं की रेषा भलतीकडेच छेदतात. हा निष्काळजीपणा आहे की तिला मुळातच समजलेलं नाही, असं तुम्ही विचारलं आहे. (पुस्तकातले एक्स आणि वाय मी इथे क्ष आणि य असे लिहिते आहे.)

वही पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. पण मी आठवी ते दहावीला गणित शिकवते आणि हे चित्र माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. त्यावरून वाटतं, दोन्हींपैकी काहीच नसावं. तिला तक्ता करता येतो, बिंदू मांडता येतात, रेषा ओढता येते. फक्त ही तीन कामं एकमेकांशी जोडलेली आहेत हे तिला कुणी दाखवलेलं नसावं. म्हणून तक्ता हा एक विधी होऊन बसतो: चौकट आखा, ०, १, २ लिहा, आकडे भरा. समीकरणाकडे मात्र कुणी पाहतच नाही.

सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट एवढीच: रेषेवरचा प्रत्येक बिंदू हे त्या समीकरणाचं एकेक उत्तर आहे, आणि समीकरणाचं प्रत्येक उत्तर त्या रेषेवरच सापडतं. उत्तरं अगणित आहेत, तक्त्यात आपण त्यांतली मोजकी निवडतो. निवड आपली आहे, तर ती सोयीची का करू नये?

२क्ष + ३य = १२ हे समीकरण घ्या. क्ष = ० ठेवलं तर य = ४. इथवर छान. क्ष = १ ठेवलं तर य = १०/३, म्हणजे ३.३३ आणि पुढे न संपणारे तीन. क्ष = २ ठेवलं तर ८/३, म्हणजे २.६६ आणि पुढे सहा. आता हे बिंदू आलेख कागदावर मांडायचे. कागदावर सेंटिमीटरचे चौकोन आणि आत मिलिमीटरच्या बारीक रेघा असतात. ३.३३ कुठे ठेवणार? मुलं ३.३ वर ठेवतात, पेन्सिल थोडी बोथट असते, हात जरा हलतो, आणि बिंदू अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे जातो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण पाहा: दोन बिंदू एकमेकांपासून १ सेंटिमीटरवर आहेत आणि त्यांतला एक अर्धा मिलिमीटर सरकला आहे. ती रेषा पहिल्या बिंदूपासून ६ सेंटिमीटर पुढे नेली, तर तिथे ती ३ मिलिमीटरने चुकलेली असते. तेच बिंदू ६ सेंटिमीटर अंतरावर असते, तर अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांच्या दरम्यान कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेली नसती. म्हणून माझा पहिला आग्रह असा की बिंदू जवळजवळ घ्यायचे नाहीत. ०, १, २ ही निवड आकडेमोडीला सोपी वाटते, पण रेषेला ती फार लंगडा आधार देते.

दुसरा आग्रह पूर्णांकांचा. याच समीकरणात क्ष = ०, ३, ६ घेतलं तर य = ४, २, ० येतं. तिन्ही बिंदू कागदावरच्या ठळक चौकटींच्या कोपऱ्यावर बसतात, नजर चुकायला जागाच उरत नाही. पण ०, ३, ६ हे सुचायचं कसं? यचा सहगुणक, म्हणजे यच्या आधीचा आकडा, ३ आहे. १२ मधून २क्ष वजा केल्यावर उरलेल्याला ३ ने भाग जायला हवा. १२ ला भाग जातोच, म्हणून २क्ष लाही जायला हवा, म्हणजे क्ष हा ३ च्या पाढ्यातला हवा. मुलांना हे एकदा बोलून दाखवलं की ती स्वतःच तक्त्याआधी सहगुणकाकडे पाहू लागतात.

स्थिरपदाला, म्हणजे अक्षर नसलेल्या एकट्या आकड्याला, असा भाग जात नसेल तेव्हा थोडं शोधावं लागतं. ३क्ष + ५य = ७ घ्या. एखादी पूर्णांकांची जोडी चाचपून काढायची: क्ष = –१ घेतलं तर ५य = १०, म्हणून य = २. एक जोडी मिळाली की बाकीच्या शोधाव्या लागत नाहीत. क्षमध्ये ५ मिळवायचे, यमधून ३ वजा करायचे: (४, –१). उलट दिशेने गेलं तर (–६, ५). हे चालतं, कारण क्ष ५ ने वाढला की ३क्ष हे पद १५ ने वाढतं, य ३ ने कमी झाला की ५य हे पद १५ ने कमी होतं, आणि बेरीज जागच्या जागी राहते. म्हणजे क्षचा सहगुणक यच्या पावलाला द्यायचा, यचा सहगुणक क्षच्या पावलाला, आणि समीकरणात दोन्ही पदांची चिन्हं सारखी असतील तर पावलं विरुद्ध दिशेने टाकायची.

हे मी केवळ युक्ती म्हणून सांगत नाही. आलेख सरळ रेषाच का येतो याचं कारण इथेच आहे. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या आणि सारख्या उंचीच्या असल्या, तर त्यांच्या कडांवर एक सरळ फळी टेकवता येते, तसंच हे आहे. ५ उजवीकडे, ३ खाली, पुन्हा ५ उजवीकडे, ३ खाली; पाऊल कुठेही बदलत नाही. दहावीच्या भूमितीत पुढे रेषेचा ‘चढ’ येतो, तो म्हणजे हाच –३/५. बीजगणितातला तक्ता आणि भूमितीतला चढ या दोन वेगळ्या वह्यांमधल्या गोष्टी नाहीत, हे तिला आत्ताच दिसलं तर तो धडा तिला नवा वाटणार नाही.

काही समीकरणांना पूर्णांकांची एकही जोडी नसते. २क्ष + ४य = ७ मध्ये क्ष आणि य पूर्णांक असतील तर डावी बाजू सम येणार, उजवीकडे तर ७. मग शोधत बसायचं नाही, अर्ध्याचा आधार घ्यायचा: (३.५, ०), (१.५, १), (–०.५, २). अर्धा एकक म्हणजे कागदावर बरोबर ५ मिलिमीटर, आणि तिथेही रेघ असते. ३क्ष – २य = ० यासारख्या समीकरणात वेगळीच अडचण येते. क्ष = ० आणि य = ० ठेवून दोन बिंदू मिळवण्याची सवय असलेल्या मुलांना दोन्ही वेळा आरंभबिंदूच मिळतो आणि ती गोंधळतात. तिथे (२, ३), (४, ६) असे पुढचे बिंदू घ्यावे लागतात.

आता दोन, तीन की चार. क्लासचे सर चुकीचं सांगत नाहीत: दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, त्यामुळे दोन पुरतात. सीबीएसईच्या पुस्तकातही दोन-दोन जोड्यांचे तक्ते आहेत. पण दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, त्यातला एक साफ चुकला असला तरीही! ती रेषा आपल्याला काही बजावत नाही. तिसरा बिंदू हा साक्षीदार असतो. समजा मुलीने २क्ष + ३य = १२ मध्ये क्ष = –३ ठेवलं. खरं तर –६ + ३य = १२, म्हणून ३य = १८ आणि य = ६. पण चिन्ह विसरून तिने ३य = १२ – ६ केलं आणि य = २ काढलं. (०, ४) आणि (३, २) यांच्या रेषेत (–३, २) बसणार नाही आणि काहीतरी बिनसल्याचं लगेच दिसेल.

मात्र तिघे एका रेषेत नाहीत एवढंच कळलं, तर चुकलेला कोणता हे कळत नाही. त्यासाठी चौथा: तीन एका रेषेत आले आणि एक बाजूला पडला की दोषी कोण ते उघड होतं. पुस्तकातल्या चारमागे हा विचार आहे आणि तो मला पटतो. म्हणून सवय होईपर्यंत चार, हात बसल्यावर तीन असं मी सांगते. दोन बिंदूंवर रेषा ओढण्याची परवानगी मी माझ्या वर्गात देत नाही. परीक्षेत तपासणारे किती मागतात हे त्या त्या वेळच्या सूचनांवर अवलंबून असतं, तेव्हा शाळेतल्या शिक्षकांना विचारून घ्या. चार असले तर कुणी गुण कापणार नाही, एवढं नक्की.

पण साक्षीदारांवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत मला हीच शंका जास्त आहे. दोन चुका अशा आहेत की त्या केल्यावरही सगळे बिंदू शिस्तीत एका रेषेत येतात. पहिली म्हणजे समीकरणच चुकीचं उतरवून घेणं. २क्ष + ३य ऐवजी २क्ष – ३य लिहिलं तर (०, –४), (३, –२), (६, ०) असे बिंदू मिळतील, सुरेख एका रेषेत. दुसरी म्हणजे निर्देशकांची अदलाबदल. (०, ४), (३, २), (६, ०) हे बिंदू मांडताना पहिला आकडा वर आणि दुसरा आडवा मोजला, तर कागदावर (४, ०), (२, ३), (०, ६) उमटतात. तेही एका रेषेत! फक्त ती रेषा ३क्ष + २य = १२ ची आहे. मूल समाधानाने पुढे जातं, आणि छेदनबिंदू भलतीकडे येतो. ही दुसरी चूक पकडायची असेल तर तक्त्यात अक्षावरचा एक बिंदू मुद्दाम ठेवावा. य शून्य असेल तर बिंदू आडव्या अक्षावरच हवा. एवढं पाहिलं की अदलाबदल पकडली जाते.

एकसामयिक, म्हणजे एकत्र सोडवायच्या दोन समीकरणांत छेदनबिंदूला एवढं महत्त्व का, हेही तिला विचारून पाहा. पहिल्या रेषेवरचे सगळे बिंदू पहिल्या समीकरणाला चालतात, दुसरीवरचे दुसऱ्याला. दोघींवर असलेला बिंदू तेवढा दोन्ही समीकरणांना चालतो. हे तिच्या तोंडून आलं तर समांतर रेषांना उत्तर का नसतं आणि एकाच रेषेची दोन समीकरणं असली तर उत्तरं अगणित का होतात, हे वेगळं शिकवायला लागत नाही.

आता आलेखाची मर्यादा. ती मुलांना सांगितली जात नाही आणि मग ती स्वतःलाच दोष देत बसतात. क्ष + २य = ७ आणि ३क्ष – य = ७ या रेषा एकमेकींना मोठ्या कोनात छेदतात; (३, २) हा छेदनबिंदू डोळ्यांत भरतो. पण २क्ष + ३य = १२ आणि ३क्ष + ४य = १७ घ्या. यांचंही उत्तर (३, २) आहे, पण दोन रेषांमधला कोन जेमतेम ३ अंश. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर या दोन रेघा जवळजवळ १८ मिलिमीटरपर्यंत एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. १ सेंटिमीटर = १ एकक या प्रमाणात क्ष सव्वादोन आहे की पावणेचार, हे नुसत्या नजरेने ठरवता येणार नाही. अशा वेळी सगळं नीट करूनही उत्तर चुकू शकतं. तिथेही पूर्णांकांचा तक्ता वाचवतो: पहिल्यासाठी (०, ४), (३, २), (६, ०) आणि दुसऱ्यासाठी (–१, ५), (३, २), (७, –१). सामाईक जोडी तक्त्यातच दिसते. तुमच्या मुलीचं कोणतं उदाहरण चुकलं ते पाहा. ते असं निमुळत्या कोनाचं असेल, तर काळजीचं फारसं कारण नाही.

हाताच्या कामाबद्दल थोडंसंच. पेन्सिलीला बारीक टोक हवं. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी अनेकदा अपुरी पडते, ३० ची घ्या. रेषा शेवटच्या बिंदूपाशी थांबवायची नाही, दोन्हीकडे पुढे नेऊन बाण काढायचे. छेदनबिंदू पुष्कळदा तक्त्यातल्या बिंदूंच्या बाहेर असतो. प्रमाण लिहायचं.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की क्ष = ३ आणि य = ३ यांत ती हमखास गडबडते. मला हा प्रश्न आवडतो. ही रेषा या अक्षाला समांतर आणि ती त्या अक्षाला, असं पाठ केलं की परीक्षेत नेमकं उलट आठवतं. त्यापेक्षा तिला रेल्वेचा आलेख दाखवा. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांच्या हालचालींचा तक्ता असाच काढतात: आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. समजा एक गाडी एका टोकाच्या स्टेशनातून ताशी ६० किलोमीटरने निघाली, म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर: य = क्ष. त्याच क्षणी ४० किलोमीटर पलीकडून दुसरी ताशी ४० ने समोरून निघाली: २क्ष + ३य = १२०. दोन्ही रेषा (२४, २४) ला छेदतात. म्हणजे २४ मिनिटांनी, २४ किलोमीटरवर गाड्या समोरासमोर. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. तशा मार्गावर हा छेदनबिंदू स्टेशनातच यायला हवा, मध्ये कुठेही चालणार नाही. समजा स्टेशन १८ किलोमीटरवर आहे. पहिली गाडी १८ व्या मिनिटाला तिथे पोहोचते आणि थांबते. दुसरी तिथे येते ३३ व्या मिनिटाला. मधली १५ मिनिटं पहिल्या गाडीची वेळ पुढे सरकते पण जागा बदलत नाही, म्हणून तिची रेघ आडवी: य = १८. गावाला जाताना ‘क्रॉसिंगला थांबली आहे’ म्हणतात, ते आलेखावर असं दिसतं. आता तिला विचारा, याच आलेखावर क्ष = १८ ही उभी रेघ काढली तर तिचा अर्थ काय? एकाच क्षणी गाडी सगळ्या स्टेशनांवर! अशी गाडी असूच शकत नाही. हे एकदा पटलं की आडवी कोणती आणि उभी कोणती हे पाठ करावं लागणार नाही.

प्रमाणाबद्दलही एक घरगुती उदाहरण करून घ्या. आपल्याकडे हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये सांगतात आणि ताप मात्र ‘एकशे दोन’, म्हणजे फॅरनहाइटमध्ये. क्ष सेल्सिअस आणि य फॅरनहाइट धरलं तर नातं रेषीय आहे: ९क्ष – ५य = –१६०. इथे चिन्हं वेगळी आहेत, म्हणून पावलं एकाच दिशेने: क्ष ५ ने वाढला की य ९ ने वाढतो. (०, ३२), (५, ४१), (४०, १०४), (१००, २१२) असे बिंदू मिळतात. १ सेंटिमीटर = १ एकक धरलं तर ते कागदावर मावणारच नाहीत. म्हणून आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर = १० अंश, उभ्यावर १ सेंटिमीटर = २० अंश घ्या. दोन अक्षांवर वेगळी प्रमाणं घेतल्याने रेषेचा तिरकेपणा बदलतो, पण तिच्यावरच्या जोड्या बदलत नाहीत. १०२ वरून आडवं जाऊन रेषेला टेका आणि खाली उतरा: जवळजवळ ३९. आकडेमोडीने ३८.९ येतं. आणि रेषा मागे वाढवली तर (–४०, –४०) हा बिंदू सापडतो, जिथे दोन्ही मापं सारखीच. मुलांना तो स्वतः शोधू द्यावा.

आता तुमच्या मूळ अडचणीसाठी. लोप करून आलेलं उत्तर आणि आलेखावरचं उत्तर जुळलं नाही, तर सगळा आलेख खोडून नव्याने काढू देऊ नका. तिला लोप पद्धतीचं उत्तर आधी दोन्ही समीकरणांत घालून पाहायला सांगा. ते बसलं, तर तो बिंदू दोन्ही रेषांवर असायलाच हवा. तो कागदावर ठळक मांडायचा आणि कोणती रेषा त्याला चुकवून गेली ते पाहायचं. बहुतेक वेळा एकच चुकवते. मग त्या रेषेच्या तक्त्यातली प्रत्येक जोडी छापील समीकरणात घालायची, वहीतल्या नाही. एखादी जोडी बसली नाही तर चूक आकडेमोडीत किंवा उतरवून घेण्यात आहे. सगळ्या बसल्या तर चूक मांडण्यात आहे, आणि तेव्हा पहिल्यांदा अदलाबदल तपासा. अशी तीन-चार उदाहरणं झाली की तिची चूक नेहमी कोणत्या टप्प्यावर होते ते तिचं तिलाच कळेल. तरीही एखादं समीकरण अडलं, तर तिने काढलेल्या तक्त्यासह लिहा, मी पाहीन.